पावसाआधीचं ऊन

पहाटे पाच

कडी काढून खळ्यात आले की आधी दोरीवरच्या पंचाला हात लावते. पंचा कोरडा लागला तर रात्री वारा होता. चिकट लागला तर आज ऊन उशिरा कामाला लागणार. आज चिकट आहे.

राजापूर तालुक्यातली आमची वाडी समुद्रापासून फार लांब नाही. मे महिना अर्धा सरला की खारा वारा रात्रभर घरात वावरतो. मिठाची बरणी उघडी राहिली तर सकाळी मिठाला पाणी सुटलेलं दिसतं. फळं वाळवायला हा मुलूख सोपा नाही. तासगावकडे द्राक्षांचे घड पंधरवड्यात शेडच्या सावलीत वाळून बेदाणा होतात, कारण तिथली हवा कोरडी. आमच्याकडे ऊन कडक, पण हवा ओली. म्हणून नुसत्या उन्हावर भागत नाही. त्याच्या जोडीला मीठ लागतं, आंबटपणा लागतो आणि घरातलं एक माणूस दिवसभर लागतं. या घरात ते माणूस मी. लग्न होऊन आले त्या पहिल्या मे महिन्यापासून, म्हणजे आता चौतीस वर्षं झाली.

सध्या रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, तीन खेपा चालू आहेत. एका खेपेला काल रात्री सहावं पूट दिलं, ते शेवटचं. दुसरीचं तिसरं पूट झालं. तिसरी अजून झाडावर आहे, ती आज उतरायची. पूट म्हणजे दिवसभर उन्हात सुकलेली सालं रात्री त्याच फळांच्या खारवलेल्या रसात भिजवायची आणि सकाळी पुन्हा उन्हात टाकायची. रातांब्याचं नुसतं साल वाळवलं तर ते पातळ, चामट होतं. पुटावर पूट चढलं की ते दळदार होतं, काळपट जांभळ्या रंगावर येतं आणि मगच त्याला आमसूल म्हणायचं.

माजघरात झाकलेल्या दोन्ही बरण्यांतली सालं मी रोवळ्यांत उपसते. रोवळी परातीवर काठ्या आडव्या टाकून ठेवायची, म्हणजे रस खाली निथळतो आणि वाया जात नाही. निथळायला तासभर तरी द्यायचाच. घाईने उरकलं तर सालं उन्हात चिकट राहतात आणि माशा बसतात. सहाव्या पुटाच्या बरणीत तळाला रस उरलेलाच नाही, सालांनी सगळा पिऊन टाकला. पुटं किती द्यायची, याचा आमच्या घरचा हिशेब असा साधा आहे. रस संपेपर्यंत.

साडेसहा

उन्हं झाडांच्या शेंड्यांवर आली आहेत. पुतण्या वर चढतो, मी आणि जाऊबाई खाली गोणपाट धरतो. रातांबा पूर्ण पिकून गडद तांबडा झाल्याशिवाय उतरायचा नाही. हिरवट-लालसर फळाला रस कमी आणि रंगही फिका. आणि उतरल्यावर तो दोन-तीन दिवसांच्या वर ठेवायचा नाही. आंबा अढीत घालता येतो, फणस आठवडाभर वाट बघतो. रातांबा कुणासाठी थांबत नाही.

घरामागे आमची फळणारी पाच झाडं आहेत. त्यांतली तीन सासऱ्यांनी बी टोकून लावलेली. खरं तर त्यांनी सात लावली होती, पण रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांपासून उगवलेल्या रोपांत निम्म्याच्या आसपास नर निघतात आणि ते कळायला फूल येईपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षं थांबावं लागतं. चार नर निघाले, त्यांतला एक राखला. उरलेली दोन झाडं कलमं आहेत, ‘कोकण अमृता’ जातीची. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९९७ साली ही जात दिली. मादीच्या काडीचंच कलम बांधलेलं असल्यामुळे नर निघायची धास्ती नाही. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पुतण्याने पेपरातली बातमी मोठ्याने वाचून दाखवली होती. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, शांतपणे विचारलं होतं, “मग आता पोरं गावात राहतील काय?”

आमची झाडं आटोपली की गडग्यापलीकडे जायचं. तिथलं घर सात वर्षं बंद आहे. माणसं मुंबईला असतात, गणपतीला चार दिवस येऊन दार उघडतात. त्यांची तीन झाडं आमच्यापेक्षा चांगली फळतात. मालकाने फोनवर सांगितलंय, “काकू, तुम्हीच न्या, नाहीतर कुजून जातात.” आम्ही जातो तोवर निम्मी फळं खाली पडून फुटलेली असतात. झाडाखालची माती जांभळी झालेली, वर चिलटं घोंघावतायत. फुटलेलं एकही फळ मी घेत नाही. एका कुजक्या रातांब्याने अख्ख्या बरणीचा रस फसफसतो.

आज एकूण वीस किलोंची खेप भरली.

आठ

खळ्याची जमीन तापायला लागली, आता वाळवण बाहेर काढायचं. याच्या आधी काढून उपयोग नाही, सकाळची ओल जमिनीतून वर येत असते.

आईंचं म्हणणं, खळं शेणाने सारवून त्यावर बांबूची चटई घालावी आणि चटईवर सालं पसरावीत. त्यांच्या सासूने तसंच केलं, त्यांनीही तसंच केलं. मी गेली दहा वर्षं दोन जुन्या बाजांना नायलॉनची बारीक जाळी ताणून बांधते आणि बाजा उन्हात, वाऱ्याच्या तोंडाला ठेवते. वाळवण्याचं निम्मं काम वारा करतो, अशी माझी खात्री झाली आहे. ऊन फळातलं पाणी पृष्ठावर आणतं, पण तिथून ते उचलून न्यायला हलती हवा लागते. चटईवर सालाच्या खालच्या अंगाला हवा पोचत नाही. ते अंग दुपारपर्यंत ओलंच राहतं आणि बुरशी धरते ती नेमकी तिथे. जाळीवर वरून ऊन, खालून वारा. ज्या वाळवणाला चटईवर जास्त दिवस लागत, ते इथे लवकर होतं. आईंनी पहिल्या वर्षी चार दिवस शेजारी खुर्ची टाकून पाहिलं, पाचव्या दिवशी स्वतः एक साल दुमडून बघितलं आणि म्हणाल्या, “गो, बाज बरी हो.” आता त्या चटईवर फक्त आंबोशी घालतात. वळवाच्या वाऱ्याने पडलेल्या कैऱ्यांच्या त्या फोडी, मीठ-हळद लावलेल्या. त्यांना चटई पुरते.

बाजेच्या चारही पायांखाली पाणी भरलेल्या वाट्या ठेवायच्या, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. वरून जुन्या मलमलच्या साडीचं एकपदरी आच्छादन. सालं पसरताना पोकळ बाजू वर ठेवायची आणि एकावर एक येऊ द्यायचं नाही. जिथे दोन सालं एकमेकांना टेकतात तिथे ओल मुक्काम करते.

साडेनऊ

ओटीवर विळ्या मांडून आम्ही तिघी बसतो. नव्या खेपेचे रातांबे दोन पाण्यांनी धुऊन, पुसून ठेवले आहेत. फळावर पाण्याचा थेंब राहता कामा नये.

रातांबा कापायची एक रीत आहे आणि ती हातालाच कळते. फळ डाव्या हाताच्या चिमटीत धरायचं, विळीच्या पात्याला पोट लावायचं आणि जागच्या जागी गोल फिरवायचं. साल तेवढं छेदलं गेलं पाहिजे, पातं आत उतरता कामा नये. बी कापली गेली तर तिचा कडू-तुरट चीक रसात उतरतो. मग दोन्ही हातांनी उलटसुलट हलका पिळा दिला की टच् असा आवाज होऊन फळाच्या दोन वाट्या वेगळ्या होतात. एका वाटीत गर जसाच्या तसा बसलेला असतो, संत्र्याच्या फोडी बिलगून असाव्यात तशा सहा-सात बिया, वर गुलाबी-जांभळा बुळबुळीत गर. अंगठ्याने एका फटक्यात तो पातेल्यात. रिकाम्या वाट्या टोपलीत. वीस किलो फळांना तिघींना दोन तास लागतात. सरावाचा हात असेल तर बोलताबोलता होतं. नसेल तर बोटांच्या पेरांना चिरा पडतात आणि त्यांत हा रस शिरला की डोळ्यांतून पाणी येतं. मी बसण्याआधी हातांना खोबरेल चोळून घेते. तरीही मे महिनाभर माझी नखं जांभळी असतात. लग्नकार्याला गेले तरी लपवत नाही.

गर-बियांच्या पातेल्यात खडेमीठ घालायचं. आमचं प्रमाण किलोला दीडशे ग्रॅम. अर्ध्या तासात मीठ गरातलं पाणी ओढून बाहेर काढतं आणि पातेल्यात लालभडक रस दिसू लागतो. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ या रसाला लावायचं नाही, तो धातू खातो. स्टीलच्या पातेल्यातही मी तासाच्या वर ठेवत नाही, लगेच चिनी मातीच्या बरणीत ओतते. जास्त मीठ घालून हाच रस गाळून बाटल्यांत भरला की आगळ. पण आज आगळ नाही, आजचा सगळा रस पुटांना लागणार आहे.

नव्या सालांना आज रस दाखवायचासुद्धा नाही. पहिला दिवस कोरडा. ताज्या सालाच्या वजनात शंभरातले ऐंशी भाग पाणी असतं. भरलेल्या घड्यात आणखी काय मावणार? दिवसभर ऊन खाऊन ते आक्रसलं, तहानलं की संध्याकाळी रस आत घेतं. आणि रसाबरोबर मीठ आणि आम्ल आत जातं. पाणी बाहेर जायचं आणि त्याच्या जागी बुरशीला न मानवणारं काहीतरी आत यायचं, अशी ही देवघेव सहा दिवस चालते. पूर्वीच्या बायांनी ही युक्ती कुठल्या प्रयोगशाळेत शोधली नाही. दमट हवेत फळ टिकवायचं तर दुसरा इलाज नव्हता, आणि चुकत-माकत त्यांनी तो शोधून काढला. मला त्या सगळ्यांचा अभिमान वाटतो.

साडेअकरा

साठं घालायची वेळ. ऊन आता माथ्यावर चढतं आहे, आमरस ताटात पसरायचा तर आत्ताच.

साठांना हापूस लागत नाही. हापूस विकायचा. साठं रायवळ आंब्याची, तीही बिटक्या, रसाळ, दोरेवाल्या आंब्याची. त्याच्या रसाला आंबटगोडपणा असतो, आणि तो आंबटपणाच टिकायला मदत करतो. आंबे हाताने पिळून रस चाळणीतून गाळायचा, दोरे वर राहतात. ताटाला तुपाचं बोट फिरवायचं आणि रस ओतून ताट हलवून सगळीकडे सारखा करायचा. थर पातळ हवा. हा माझा सगळ्यात जुना धडा आहे. नवी सून असताना काम लवकर उरकावं म्हणून मी अर्धा बोट जाड थर घातला. वरून दोन दिवसांत छान चकाकी आली, बोटाला चिकटेना. मी समाधानाने घडी घालून डब्यात भरलं. आठ दिवसांनी डबा उघडला तर आंबूस वास. वरची साय आधी कडक झाली की आतलं पाणी आतच कोंडतं, त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. आई तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, “पातळ घाल आणि उद्या त्यावर दुसरं घाल.” तेव्हापासून थरावर थर. पहिला सुकला की त्यावर दुसरा, मग तिसरा. चौथ्या-पाचव्या दिवशी सुरीने कड सोडवून उलटायचं आणि पाठीलाही ऊन द्यायचं. पापुद्र्याप्रमाणे सोलून निघणारं साठ हवं असेल तर याला पर्याय नाही.

काल घातलेल्या चार ताटांवर आज दुसरा थर गेला. बरक्या फणसाची पोळीही एका ताटात आहे, ती लेकीच्या हट्टाखातर. आठळ्या धुऊन सुकवून मातीच्या मडक्यात राखेत पुरल्या, त्या श्रावणापर्यंत भाजीला होतील.

दीड

जेवण. पेज, पापड, कैरीचं लोणचं आणि सुकटाची चटणी. मे महिन्यातली दुपार अशीच.

जेवून आडवं व्हायचं ते ओटीवरच, बाजा दिसतील अशा जागी. माकडं दुपारीच येतात. ती आमसुलं खात नाहीत, आंबट लागतात म्हणून थुंकून टाकतात, पण तेवढ्यात अख्खी बाज उलटी करतात. साठं मात्र ताटासकट नेतात. आई काठी घेऊन खुर्चीत बसलेल्या असतात. वय ब्याऐंशी, नजर अजून शाबूत.

दर तासाला उठून सालं उलटायची. साडी काढायची, दोन्ही हातांनी हलकेच चाळवायची, पुन्हा पसरायची. नाव घेण्यासारखं हे काम नाही, पण एक तास चुकला तर संध्याकाळी सालाचा रंग सांगतो.

तीन

सहाव्या पुटाची खेप आता बघायची. तिचं भिजवणं संपलं. आज दिवसभराच्या उन्हाने ती तयार झाली का, एवढाच प्रश्न आहे.

बाजेवरून चार ठिकाणची चार सालं उचलते, मधलं एक, कडेची दोन, आणि मुद्दाम सगळ्यात जाड दिसतं ते एक. सावलीत पाच मिनिटं निववते. उन्हात गरम असलेलं साल नेहमी जास्त मऊ लागतं, त्यावर विश्वास ठेवायचा नाही. निवल्यावर दुमडते. दुमडताना ते वाकलं पाहिजे, मोडता कामा नये. घडीच्या रेघेवर ओल चकाकता कामा नये. मग फाडते. फाटलेल्या कडेला नखाने दाबलं तर ओलसर ठिपका उमटायला नको. शेवटी जीभ. आधी आंबट लागलं पाहिजे, मागून खारट. आधी खारट लागलं तर मीठ जास्त झालं. ते आमसूल टिकेल, पण आमटी बिघडवेल. बाजारात वजन भरावं म्हणून मिठाने माखलेली आमसुलं मिळतात. मागे एकदा लेकीने शहरातल्या एका दुकानातून आणली होती. पुडीत पांढरं मीठ वेगळं सांडलं होतं आणि सालं ओली होती. मला ते बघून मनापासून वाईट वाटलं, कारण तिथल्या लोकांना आमसूल म्हणजे हेच, असं वाटत असणार.

तीन सालं उत्तम. जाड साल अजून कडेला ओलं आहे. म्हणजे जाड सालं निवडून उद्या आणखी एक दिवस, बाकीची आज भरायची.

सव्वाचार

आईंचा आवाज. “अगो, घाटाकडे बघ!”

वळवाचा पाऊस आमच्याकडे समुद्रावरून येत नाही, पूर्वेकडून येतो. दुपारभर सह्याद्रीच्या अंगाला ढग चढत जातात आणि चार-पाचच्या सुमारास मागे फिरून अंगावर येतात. खळ्यातून पूर्वेला माडांच्या वर काळी भिंत उभी आहे. वारा एकदम थांबला. वारा थांबला की हाताशी पंधरा-वीस मिनिटं असतात.

जाऊबाई ताटं उचलतात, मी आणि पुतण्या बाजा. पूर्ण बाज तशीच्या तशी उचलून पडवीत घ्यायची, सालं काढत बसायची नाहीत. बाजांचा हा दुसरा फायदा. आंबोशीची चटई आई स्वतः गुंडाळतात. शेजारची काकी गडग्यावरून ओरडते, “वहिनी, माझी फणसपोळी राहिली गो!” पुतण्या उडी मारून पलीकडे जातो. वाडीत या दिवसांत कुणाचं वाळवण आपलं आणि कुणाचं परकं असं नसतं.

पाऊस पडला तो चार टपोरे थेंब. धुळीचा वास आला आणि ढग राजापूरच्या बाजूला सरकले. पण मी एकदाही असं म्हटलेलं नाही की उगीच धावपळ झाली.

२०२५ चा मे महिना डोळ्यांसमोर आहे. एरवी मान्सून आमच्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, मिरगाच्या आगेमागे. त्या वर्षी तो २४ मेला केरळात, २५ मेला देवगडात आणि २६ मेला मुंबईत पोचला. त्याआधीच पावसाने मुक्काम ठोकला होता. माझ्या दोन खेपा दुसऱ्या पुटावर होत्या. चुलीवरच्या फळीवर सालं पसरली, पंखा लावला, रात्री उठून उलटली. एका खेपेला धुराचा वास लागला, ती कशीबशी घरात वापरली. दुसरीवर चौथ्या दिवशी कापसासारखी पांढरी बुरशी आली. जाऊबाई म्हणाल्या, वरचं पुसून उन्हं आली की पुन्हा टाकू. मी सगळी खेप खड्ड्यात पुरली. बुरशी वरून पुसता येते, पण ती आत कुठवर गेली ते डोळ्याला दिसत नाही. आणि झाडांवर निम्मी फळं होती, ती पावसात सडून गळली. तेव्हापासून मी एप्रिलअखेरीला पिकलेलं पहिलं फळसुद्धा सोडत नाही. मेअखेरचं ऊन आपलंच आहे असं धरून चालता येत नाही.

सहा

ऊन पिवळं झालं की सगळं आत. बाहेर अजून उजेड असतो, हवाही गरम असते, पण मी थांबत नाही. दिवसभर ज्या मिठाने सालातलं पाणी बाहेर काढलं, तेच मीठ सूर्य कलला की हवेतली ओल आत ओढायला लागतं. तासभर उशीर झाला तर दिवसाची निम्मी कमाई परत जाते. हे मला कुणी शिकवलं नाही. एका संध्याकाळी पाहुणे आले म्हणून वाळवण बाहेर राहिलं आणि सातला हात लावला तर दुपारी कडक वाजणारी सालं मऊ पडली होती.

नवी सालं दिवसभरात चांगलीच आक्रसली आहेत. सकाळी ज्यांना दोन टोपल्या लागल्या, ती आता सव्वा टोपलीत बसतात. आता त्यांना पहिलं पूट. बरणीत थोडी सालं, वर रस, पुन्हा सालं, पुन्हा रस. वर ताटली, ताटलीवर धुतलेला गुळगुळीत दगड, म्हणजे सगळी सालं रसाखाली राहतात. तिसऱ्या पुटाच्या खेपेला चौथं. तिचा रस आता निम्म्यावर आला आहे आणि दाट झाला आहे.

रस संपलेल्या खेपेच्या बिया धुऊन, राखेत चोळून वेगळ्या वाळत घातल्या आहेत. त्या कुटून पाण्यात उकळल्या की वर कोकमतेल तरंगतं, निवलं की त्याचे मुठीएवढे गोळे वळायचे. पावसात भातलावणीला उतरलेल्या पायांच्या भेगांना आजही आमच्याकडे तेच लावतात.

साडेआठ

निववलेली आमसुलं आता बरणीत. पण अजून शेवटची नाही. काचेची बरणी घ्यायची, दोन-तृतीयांश भरायची, झाकण घट्ट लावायचं आणि आठवडाभर रोज एकदा हलवायची. प्रत्येक सालाची ओल कमीजास्त असते. बंद बरणीत ती आपापसांत वाटली जाते आणि सगळी सालं एकसारखी होतात. या आठवड्यात काचेच्या आतून धुकं धरलेलं दिसलं तर समजायचं, वाळवण कच्चं आहे, पुन्हा उन्हात काढायचं. आईंच्या वेळी काचेच्या बरण्या नव्हत्या. त्या चार दिवस सुपात झाकून ठेवत आणि रोज हात घालून बघत. उद्देश तोच. आठवड्यानंतर चिनी मातीच्या कोरड्या बरणीत दाबून भरायची, दादरा बांधायचा, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायची. ओला चमचा नाही, ओला हात नाही. आमच्याकडे गेल्याच्या गेल्या वर्षीची आमसुलं अजून आहेत. रंग जवळजवळ काळा झाला आहे, चव तशीच.

पुण्याहून लेकीचा फोन येतो. तिने फळं वाळवायचं विजेचं यंत्र घेतलंय आणि रविवारी चिकू वाळवले. “आई, चिकू चार दिवसांतच मऊ झाले, यंत्र खराब आहे काय गं?” मी विचारते, चकत्या किती जाड होत्या? कुठे बारीक, कुठे जाड. आच किती ठेवलीस? लवकर व्हावं म्हणून ऐंशी. यंत्राची काही चूक नाही, बाय. पाव इंचाच्या सारख्या चकत्या कर, साठाच्या वर आच नेऊ नकोस, नाहीतर माझ्या पहिल्या साठासारखं होईल, वर कडक, आत ओलं. सफरचंद-केळी असतील तर आधी लिंबाच्या पाण्यातून काढ, काळी पडत नाहीत. गार झाल्यावर तपास, गरम असताना नाही. आणि बरणी आठवडाभर हलव. गच्चीत उन्हात वाळवलेलं काही असेल तर भरण्याआधी दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेव, किड्यांची अंडी मरतात. ती सगळं लिहून घेते. यंत्राने ऊन आणि वारा दिला, हे मला फार चांगलं वाटतं. बघणं तेवढं तिलाच करावं लागेल.

झोपण्याआधी आज भरलेल्या खेपेचं वजन वहीत लिहिते. गेल्या रविवारी उतरलेले रातांबे वीस किलो, आजची आमसुलं दोन किलो शंभर ग्रॅम, जाड सालं उद्याची, ती चारशे-साडेचारशे ग्रॅम भरतील. आठ दिवस आणि चार माणसांचे हात.

गडग्यापलीकडच्या झाडांवर अजून निदान चाळीस किलो फळ आहे. आमच्या बरण्या आणि आमचे हात एवढ्याला पुरणार नाहीत. कोकणात तुमचंही असं एखादं बंद घर असेल आणि मागच्या अंगाला रातांबा उभा असेल, तर या मे महिन्यात आठ दिवसांची रजा टाकून या. विळी, खडेमीठ, एक बाज आणि एक जुनी साडी, एवढंच लागतं. कसं करायचं ते शेजारची कुठलीही काकी दाखवेल. रोहिणी नक्षत्र लागायच्या आत या.